एकच गुडघा सुजलाय, पोट मात्र शांत आहे. भावासाठी विचारतेय (क्रोन्स, इन्फ्लिक्सिमॅब चालू)

सिडकोतली_बहीण
सोमवार, रात्री ९:१०

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा आहे, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करतो. चार वर्षांपासून त्याला आतड्याचा क्रोन्स (आतड्याला वारंवार सूज आणणारा जुनाट आजार) आहे. दिवाळीनंतर फार त्रास झाला म्हणून मुंबईच्या डॉक्टरांनी इन्फ्लिक्सिमॅब (प्रतिकारशक्ती दाबणारं, सलाइनमधून द्यायचं औषध) सुरू केलं. चौथा डोस तीन आठवड्यांपूर्वी झाला. सोबत अ‍ॅझाथायोप्रिन १०० (तेही प्रतिकारशक्ती दाबणारंच) आहे, आणि स्टेरॉइड ४० वरून उतरवत उतरवत १५ वर आलंय.

शनिवारी रात्री डावा गुडघा दुखायला लागला. काल सुजला, आज तर पाय जमिनीला टेकवत नाही. हात लावला तर गरम लागतो. ताप म्हणाल तर ९९.८, त्याच्या वर गेलेला नाही. आधीही त्याचे सांधे दुखायचे, कधी घोटे, कधी गुडघे, पण तेव्हा पोटही बिघडलेलं असायचं. या वेळी पोट एकदम छान आहे, दिवसातून दोनदाच जातो.

गल्लीतल्या डॉक्टरांनी "आतड्याचाच वात आहे" म्हणून डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं आणि पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या आणल्यात, अजून सुरू केल्या नाहीत. शुक्रवारी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जायचंच आहे. तोपर्यंत गोळ्या देऊन थांबावं का? आई घाबरलीय, मी तिच्यासमोर शहाणपणा करतेय, पण मलाही काही सुचत नाहीये.

मांडवाखाली
सोमवार, रात्री ९:३२

ताई, आधी दोन गोष्टी, बाकीचं रिक्षात बसल्यावर वाचा. गोळ्यांची ती पट्टी फोडू नका. आणि शुक्रवारची वाट बघू नका, आत्ता निघा.

रात्री ऑर्थोपेडिक सर्जन येऊ शकेल आणि स्वतःची लॅब असेल असं हॉस्पिटल फोन करून शोधा. नाहीच सापडलं तर सरळ सिव्हिल. दारात गेल्यावर "गुडघा दुखतोय" एवढंच सांगू नका, तसं म्हटलं की बाकावर बसवून ठेवतात. म्हणा, "प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, एकच सांधा अचानक सुजलाय, पाय टेकवत नाही, आतलं पाणी काढून तपासायचंय." सगळ्या औषधांची नावं आणि शेवटच्या इन्फ्लिक्सिमॅबची तारीख कागदावर लिहून न्या. भावाला म्हणावं स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने बंद करू नकोस. इतके महिने घेतल्यावर ती एकदम थांबवली तर बीपी पडून वेगळंच संकट उभं राहतं.

"पोट एकदम छान आहे" असं तुम्ही चांगली बातमी म्हणून लिहिलंय. मला तेच वाचून धस्स झालं. आतड्याच्या आजारात मोठ्या सांध्यांचा जो वात येतो तो बहुतेक वेळा पोटाच्या मागून चालतो. पोट बिघडलं की सांधे धरतात, पोट बसलं की तेही बसतात. पोट गप्प आणि एकटा गुडघा बोंबलतोय, म्हणजे आत काहीतरी दुसरं असू शकतं.

एक विचारतो. गेल्या पंधरा-वीस दिवसांत अंगावर कुठे जखम, केसतोड, गळू, नख उपटणं असं काही झालं होतं का?

सिडकोतली_बहीण
सोमवार, रात्री ९:४१

काखेत केसतोड झाला होता. दहा-बारा दिवसांपूर्वी त्याने स्वतःच पिळून फोडला. मला आत्ता, तुम्ही विचारल्यावर सांगतोय. निघतोय.

आजोबा_पंचवटी
सोमवार, रात्री ९:५८

बाळ, एवढी धावपळ कशाला. निर्गुंडीचा पाला तव्यावर गरम करून रात्रभर बांधा, वरून विटेचा शेक द्या. आमच्या घरात तीन पिढ्यांचे गुडघे याच्यावर चालले.

मांडवाखाली
सोमवार, रात्री १०:४५

आजोबा, तुमच्या तीन पिढ्यांनी इन्फ्लिक्सिमॅब घेतलं नव्हतं. राग मानू नका, पण पाला मीही बांधला होता. माझा गुडघा त्याच्यामुळे बिघडला असं म्हणत नाही, मात्र पाला बांधून मी चार दिवस घरी बसलो ते माझ्या कूर्चेला महागात पडलं.

ताई आता दवाखान्यात असतील, तोवर सांगतो.

आमचा द्राक्षाचा मळा निफाड तालुक्यात. मला क्रोन्स २०१६ ला निघाला. त्याआधी सात महिने टीबीची औषधं खाल्ली, कारण आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दुर्बिणीतूनसुद्धा जुळ्या भावांसारखे दिसतात. इन्फ्लिक्सिमॅब २०१९ पासून, दर आठ आठवड्यांनी सलाइनमधून. २०२१ च्या ऑक्टोबर छाटणीच्या वेळी पोट थोडं उसळलं म्हणून स्टेरॉइडही २० वर चालू होतं. मजुरांची टंचाई, म्हणून मीही बागेत उतरलो. मांडवाची एक जुनी तार तुटून लोंबत होती, ती पोटरीला लागली. चार बोटांएवढा ओरखडा. रक्त पुसलं, हळद दाबली आणि पुढची ओळ धरली.

सहाव्या दिवशी पहाटे उठलो तर उजवा गुडघा दगड. बायकोने कंदिलाची काच पकडावी तसा हात लावून झटकन मागे घेतला. थंडी नाही, हुडहुडी नाही. थर्मामीटर ९९.५. आणि इथेच आम्ही सगळे फसलो. पू झाला असता तर ताप १०३ गेला असता, असं आम्हाला वाटत होतं. स्टेरॉइड आणि इन्फ्लिक्सिमॅब मिळून ताप, लाली, ठणका सगळ्यावर पांघरूण घालतात. आग लागलेली असते, नुसता धूर बाहेर येत नाही.

पहिल्या डॉक्टरांनी वात म्हणून सुई टोचली. दुसऱ्या दिवशी एक जण म्हणाले, गुडघ्यातच स्टेरॉइड सोडतो, दोन तासांत चालायला लागाल. माझा नंबर यायच्या आत त्यांना बाहेर जावं लागलं. त्या दिवशी मी त्यांना शिव्या घातल्या होत्या. नंतर कळलं, आत पू असलेल्या सांध्यात स्टेरॉइड सोडणं म्हणजे वणव्यात रॉकेल.

चौथ्या दिवशी मेहुण्याने गाडीत घालून नाशिकला आणलं. तिथल्या सर्जनने सोनोग्राफीची वाट पाहिली नाही, एक्स-रे बघितला न बघितला, गुडघ्याच्या बाजूने सुई घातली. मी बघत होतो. मोठी सिरिंज भरली, ती उतरवून दुसरी लावली. रंग कैरीच्या पन्ह्यासारखा, वर दाट साय. सर्जन काही बोलला नाही, फक्त नर्सला म्हणाला, "ओटी सांगा," म्हणजे ऑपरेशन थिएटर.

त्या पाण्यात पांढऱ्या पेशी ७८,००० निघाल्या. दुर्बिणीने गुडघा धुतला, तिसऱ्या दिवशी पुन्हा धुतला. कल्चरमध्ये (जंतू वाढवून बघतात त्यात) स्टॅफायलोकॉकस ऑरियस आला, म्हणजे कातडीवर राहणारा साधा जंतू, केसतोड करणारा तोच. दोन आठवडे शिरेतून औषध, पुढे गोळ्या, सगळं मिळून सहा आठवडे. अ‍ॅझाथायोप्रिनने माझ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशीही २,९०० वर आणून ठेवल्या होत्या. दर दोन महिन्यांनी रक्त तपासायचं असं कागदावर लिहिलेलं होतं आणि मी द्राक्षाच्या हंगामात ते गिळलं होतं. ही चूक कुणा डॉक्टरची नाही, माझी.

आता एक गोष्ट सांगतो जी डॉक्टर सांगत नाहीत. आमच्या मळ्यात तेव्हा बैठा संडास होता. इन्फ्लिक्सिमॅब थांबवलेलं, त्यामुळे पोट पुन्हा सुरू, दिवसाला आठ-नऊ वेळा. आणि गुडघा वाकत नाही. पहिल्या दिवशी बायको आणि भाऊ दोन्हीकडून धरून उभे, मी पाय सरळ पसरून कसातरी टेकलेला. त्या दिवशी मी रडलो. ऑपरेशनला नाही रडलो. संध्याकाळी भाऊ पिंपळगावला जाऊन मधे भोक असलेली स्टीलची खुर्ची घेऊन आला, खाली भांडं ठेवायची. एवढी चांगली वस्तू मी आयुष्यात विकत घेतली नाही. ताईंच्या भावाला पू निघालाच तर ती आधी घ्या, फळं-बिळं नंतर.

स्लाइडवाला
सोमवार, रात्री ११:२०

मी नाशिकमध्ये पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, मायक्रोबायोलॉजीच्या टेबलावर. वर गोळ्या सुरू करू नका म्हटलंय त्याचं कारण सांगतो, कारण आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी असं सॅम्पल येतं. पेशंटने दोन दिवस कुठलीतरी अँटिबायोटिक खाल्लेली असते, पाणी गढूळ असतं, पेशी खच्चून असतात आणि कल्चरवर काहीच उगवत नाही. गोळीने जंतू पूर्ण मरत नाही, पण प्लेटवर वाढण्याइतका धडही राहत नाही. मग सहा आठवडे कोणतं औषध द्यायचं हे अंदाजाने ठरवावं लागतं.

याचा उलटा अर्थ मात्र काढू नका. पेशंट बरळतोय, धाप लागलीय, बीपी पडतंय, अशा वेळी डॉक्टर रक्ताचं कल्चर घेऊन लगेच औषध सोडतील. त्यांना "आधी गुडघ्याचं पाणी" म्हणून अडवू नका.

पाणी काढलं की ते चार ठिकाणी जायला हवं: पेशी मोजायला, ग्रॅम स्टेनला (जंतू रंगवून स्लाइडवर बघायला), कल्चरला (शक्य तर थोडं थेट ब्लड कल्चरच्या बाटलीत) आणि स्फटिक बघायला, कारण गाउटही (युरिक अ‍ॅसिडचा वात) असाच पेटतो. तुमच्या भावाच्या बाबतीत टीबी आणि बुरशीसाठीही थोडं बाजूला ठेवायला सांगा. हे आपोआप होत नाही, फॉर्मवर लिहिलेलं असेल तरच आम्ही करतो. फॉर्मवर "इन्फ्लिक्सिमॅबवर आहे" हेही लिहून घ्या. आम्हाला कुणी सांगतच नाही हो.

निरोगी सांध्याचं पाणी सुईतून सोडलं तर एकतारी पाकासारखी तार धरतं. पू झालेलं टपटप पाण्यासारखं पडतं. त्यावरून निदान होत नाही, पण टेबलावर बसलेल्याला चाहूल लागते. पेशी ५०,००० च्या वर गेल्या की पू धरून चालतात. प्रतिकारशक्ती दाबलेल्या माणसात आकडा खूप कमी येऊनही जंतू सापडतो, तेव्हा "२०,०००च आहेत, वातच असेल" असं कुणी म्हणालं तर कल्चर येईपर्यंत मान डोलावू नका.

घाबरवायला नाही सांगत, पण प्रमाण कळावं म्हणून: ब्रिटनमध्ये आमवाताच्या रुग्णांची मोठी नोंदवही ठेवतात. २०११ साली त्यातून दिसलं की टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं (इन्फ्लिक्सिमॅब त्यातलंच) घेणाऱ्यांमध्ये सांध्यात पू होण्याचा धोका साधारण दुप्पट असतो. वर्षाला हजारात चारेक जण. हे आकडे आमवाताचे आहेत, त्यांचे सांधे मुळातच झिजलेले असतात, म्हणून क्रोन्सला जसेच्या तसे लावू नयेत. पण दुप्पट झाला तरी तो दुर्मीळच. म्हणूनच गल्लीतल्या डॉक्टरांच्या डोक्यात तो पहिला येत नाही, त्यांनाही फार बोलू नका.

सिडकोतली_बहीण
मंगळवार, पहाटे ३:०५

बाकावरून लिहितेय. पाणी काढलं. पिवळट, दाट. स्लाइडवाला दादा, टपटपच पडलं, मी मुद्दाम बघितलं. डॉक्टरांनी विचारलं अँटिबायोटिक काही घेतलंय का, मी पर्समधून न फोडलेली पट्टी काढून दाखवली तर म्हणाले, "बरं केलंत." पेशी ६४,०००, ग्रॅम स्टेनमध्ये द्राक्षाच्या घडासारखे जंतू दिसतायत म्हणे. आत्ता आत नेलंय, धुवायला. स्टेरॉइडचं सांगितल्यावर भूलतज्ज्ञांनी त्याचं एक इंजेक्शनही दिलं, म्हणाले शरीराला अशा वेळी जास्त लागतं.

द्राक्षाचा घड ऐकून मला तुम्हीच आठवलात, मांडवाखाली दादा. हसू आलं, आई म्हणाली वेड लागलंय का.

उजवं_मनगट
मंगळवार, दुपारी १:१५

ताई, भाऊ वेळेत पोहोचला हे वाचून बरं वाटलं. माझी गोष्ट उलटी आहे, कुणी पुढे हा धागा वाचेल म्हणून लिहून ठेवते.

मी नाशिकरोडला राहते, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला जखमा करणारा आजार), अ‍ॅडालिमुमॅब (इन्फ्लिक्सिमॅबच्याच जातीचं इंजेक्शन) पोटावर स्वतः टोचायचे. माझं मनगट पेटलं वगैरे नाही. तीन महिने हळूहळू फुगत गेलं. गरम नाही, लाल नाही, फक्त पोळ्या लाटताना जीव जायचा. सगळ्यांना वाटलं मोबाइल आणि कॉम्प्युटर. संध्याकाळी अंग मोडून यायचं, उशी घामाने ओली, वजन चार किलो उतरलं, तर मी खूश की स्टेरॉइडची सूज उतरतेय!

इंजेक्शन सुरू करायच्या आधी माझी टीबीची तपासणी झाली होती. छातीचा एक्स-रे स्वच्छ, मँटू निगेटिव्ह. पण तेव्हा मी भरपूर स्टेरॉइडवर होते, आणि मँटूमध्ये जी गाठ उठायला हवी ती उठवायचं काम त्याच प्रतिकारशक्तीचं, जी आपण दाबलेली. मनगटाचं पाणी दोनदा तपासलं, साध्या कल्चरला काही नाही. शेवटी आतल्या अस्तराचा तुकडा काढून सीबीनॅट (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी) केलं, त्यात टीबी निघाला. कल्चर पुढे पाचव्या आठवड्यात आलं.

ही इंजेक्शनं टीबी जागा करतात हे डॉक्टरांना २००१ पासून माहीत आहे. तेव्हा इन्फ्लिक्सिमॅबनंतर टीबी झालेल्या ७० जणांची नोंद छापून आली होती, त्यातल्या ४० जणांचा टीबी फुप्फुसाबाहेर होता. म्हणजे खोकला नाही म्हणून टीबी नाही, हे आपल्याला लागू नाही.

हाडा-सांध्याच्या टीबीला आपल्याकडे बारा महिने, गरज पडली तर अठरा महिनेही औषध देतात. माझे चौदा झाले. टीबीच्या औषधातल्या रिफाम्पिसिनमुळे स्टेरॉइडचा असर घटतो, त्यामुळे मधे पोट एकदम उसळलं आणि मला वाटलं औषध लागू पडत नाहीये. ते आधी कुणी सांगितलं असतं तर एक महिन्याचं रडणं वाचलं असतं. मनगट आता ठीक आहे. बरणीचं झाकण मात्र नवराच उघडतो, तेवढा फायदा ठेवलाय.

सिडकोतली_बहीण
शुक्रवार, रात्री ८:३०

कल्चर आलं. स्टॅफ ऑरियस, साध्या औषधाला दाद देणारा. काल पुन्हा एकदा धुतलं. सूज निम्मी, आज वॉकर धरून दारापर्यंत गेला. मुंबईच्या डॉक्टरांशी इथल्या सर्जनने फोनवर बोलून घेतलं, इन्फ्लिक्सिमॅब आणि अ‍ॅझाथायोप्रिन सध्या बंद.

आता आईचा एकच धोशा: ते इंजेक्शनच नको, पुन्हा कधीच नको. भाऊ म्हणतो त्याच्याशिवाय मी दिवाळीनंतर मेलोच होतो. मी दोघांच्या मधे. मांडवाखाली दादा, तुम्ही पुन्हा घेतलंत का?

मांडवाखाली
शुक्रवार, रात्री ९:५०

घेतलं. साडेतीन महिन्यांनी. जखम पूर्ण बसली, सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) खाली आला, दोन्ही डॉक्टर एकमेकांशी बोलले, मग. आमच्याही घरात हेच महाभारत झालं. आईने देवाला नारळ ठेवला होता की हे औषध सुटू दे. मधल्या काळात माझं वजन ४६ वर आलं, तेव्हा तीच म्हणाली, लाव बाबा काय लावायचं ते. तुमच्या भावाचं काय करायचं ते त्याचे डॉक्टर ठरवतील. फक्त आतड्यापुरतंच काम करणारं वेडोलिझुमॅब म्हणूनही एक आहे, त्याबद्दल त्यांना जरूर विचारा. मलाही सुचवलं होतं, पण मला गुदद्वाराजवळ फिस्टुला (भगंदर) होता म्हणून जुन्यावरच ठेवलं.

मी बदललं ते एवढंच. बागेत फुलपँट आणि बूट. ओरखडा आला तरी साबणाने धुवून पट्टी, आणि तीन दिवस बायको रोज बघते, माझ्यावर तिचा विश्वास नाही. केसतोड पिळणं बंद. घरची गाय आहे, पूर्वी धारोष्ण निरसं दूध प्यायचो, ते सोडलं. या इंजेक्शनांवर लिस्टेरिया नावाच्या जंतूचा इशारा अमेरिकेच्या एफडीएने २०११ मध्येच छापलाय, आणि तो कच्च्या दुधातून येतो. रक्ताची तपासणी आता छाटणीच्या कॅलेंडरवर लिहितो, फवारणीच्या शेजारी. फवारणी चुकत नाही, म्हणून तीही चुकत नाही.

गुडघा शंभर टक्के झाला नाही. मांडी घालून जेवायला बसता येत नाही, लग्नात पंगतीत माझ्यासाठी खुर्ची शोधतात. तुमच्या भावाचे दोनच दिवस गेलेत, माझे चार गेले होते. त्याचा फिजिओ मात्र चुकवू देऊ नका, सूज उतरली की लगेच वाकवायला लावतील, तेव्हा तो तुम्हाला शिव्या देईल. देऊ द्या.

घरी संडास कसला आहे?

सिडकोतली_बहीण
शुक्रवार, रात्री १०:०२

बैठाच. तेच बोलत होतो आत्ता.

मांडवाखाली
शुक्रवार, रात्री १०:१०

मग विकत घेऊ नका. ती खुर्ची आमच्या पडवीत पडून आहे, सध्या तिच्यावर कॅरेट रचलेत. रविवारी माल घेऊन गाडी नाशिकला येतेय, धुवून टाकतो आणि सोबत पाठवतो. द्वारका चौकात सात वाजता कुणीतरी उभं राहा. ड्रायव्हर खुर्ची हातात धरून उतरेल, ओळखायला अडचण येणार नाही.